पियानोचा पडलेला दात

तालमीत पाहुणा पियानोवादक हसत म्हणाला, “बाई, तुमच्या वडिलांची एक चूक सुधारलीय. सबंध रचनेत पियानोला मधला गंधारच नव्हता!” बाईंच्या ओठांना लागलेली बासरी खाली आली. चूक? युद्धात शेजारची इमारत कोसळली, त्या हादऱ्याने घरच्या पियानोची गंधाराची पट्टी जी मुकी झाली, ती झालीच. दुरुस्त करणारा आघाडीवर गेलेला. “पुरे आता हे खूळ,” आई म्हणाली. बाबा ही रचना लिहीतच राहिले. लेकीला म्हणाले, “पोरी, पियानोचा दात पडलाय. गंधार तू सांभाळ.” तळघरात, तोफांच्या दणक्यात, अख्ख्या आळीने ही रचना ऐकली, बासरीतल्या गंधारासकट. हे सारं सांगून बाई म्हणाल्या, “तो स्वर बाबांनी माझ्या नावावर केलाय.” पियानोवादकाने कान पकडले. पुन्हा सुरुवात झाली. गंधारापाशी येताच त्याने बोट उचललं. बाईंनी ताठ मानेने आपला वडिलोपार्जित गंधार लावला.