चाळीस सूचना

"आब्रे," स्पॅनिश शिकवणाऱ्या नम्रता मॅडमनी हळूच सुचवलं. सुखदेवनं मान हलवली. ओठांत काहीतरी पुटपुटून तो म्हणाला, "आब्रा."

हडपसरच्या त्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं बनत. १९९६ साली पहिल्यांदाच एक यंत्र मेक्सिकोला निघालं होतं. ते बसवून तिथल्या कामगारांना शिकवायला एकच माणूस जाणार होता. तरुण इंजिनिअर रोहन, नाहीतर एकतीस वर्षं फिटर असलेला सुखदेव. दोघांना तीन महिने स्पॅनिश शिकवलं होतं. आज परीक्षा. झडप उघडणं, जाळी साफ करणं, थांबणं, अशा चाळीस सूचना तोंडी द्यायच्या. रोहननं त्या दहा मिनिटांत संपवल्या होत्या.

सुखदेवला अर्धा तास झाला आणि अजून सव्विसावीच चालू होती. प्रत्येक क्रियापदाचं शेपूट तो तपासून घेत होता. 'आर' असेल तर तिथे 'ए'. 'एर' किंवा 'इर' असेल तर 'आ'. मॅडमनी हे रूप एकदाच, जाता जाता सांगितलं होतं. कुणी काही करावं अशी इच्छा असली तरी हेच, आणि कुणाला आदरानं सांगायचं तरी हेच: 'आब्रे' म्हणजे उघड, 'आब्रा' म्हणजे उघडा.

वर्क्स मॅनेजर केळकरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "अरे सुखदेव, तिथे हेल्परच असणार. त्यांना कसलं अहो-जाहो? सोपं ते म्हण आणि मोकळा हो."

सुखदेव उभा राहिला.

"साहेब, कामाला लागलो तेव्हापासून इथे मला सगळे अरे-तुरेच करतात. केस पिकले तरी. काम मी केलंच. पण तिथे मी शिकवायला जाणार. समोरच्या माणसाशी पहिलाच शब्द मी तसा नाही बोलणार. वेळ लागतो, लागू दे. नाहीतर रोहनसाहेबांना पाठवा."

सुखदेव पुढच्या सूचनेकडे वळला. लिंप्ये, साफ करा. एस्पेरे, थांबा. सुबा, वर चढा. शेवटपर्यंत एकही रूप चुकलं नाही. मॅडमनी वही मिटली.

केळकरसाहेब खुर्चीतून उठले.

"सुखदेवराव, पासपोर्टसाठी फोटो काढलेत का तुम्ही?"

"उद्या काढतो," सुखदेवराव म्हणाले.