थंडी न लागणारे हात

"आठ वर्षांत शेवंती भाटकर यांनी थंडीची एकदाही तक्रार केली नाही," कंपनीचे वकील कामगार न्यायालयात सांगत होते.

शेवंती मान खाली घालून ऐकत होती. कोळंबी सोलायच्या त्या कारखान्यात कंपनीने दिलेला पट्टा मनगटाला बांधला की थंडी, दुखणं काही कळतच नसे. त्यामुळेच बर्फात काम करता करता तिची दोन बोटं काळी पडली आणि कापावी लागली.

तिच्या वकील रेहाना मुकादम उठल्या. न्यायाधीशांची परवानगी घेऊन त्यांनी तोच पट्टा स्वतःच्या मनगटाला बांधला, सोबत आणलेल्या बर्फाच्या पेटीत हात खुपसला आणि शांतपणे बोलायला सुरुवात केली. आवाज जराही कापला नाही. मध्येच त्या हसल्यासुद्धा. शेवंतीला मात्र बसवेना. मॅडमची बोटं आधी लाल झाली, मग पांढरीफटक पडली.

"अहो बाई, हात काढा बाहेर!" न्यायाधीश ओरडले.

"का साहेब? माझी कुठे काही तक्रार आहे?"

शेवंतीने धावत जाऊन त्यांचा हात बाहेर ओढला आणि पदरात गुंडाळला.

निकाल लागला. शेवंतीला भरपाई मिळाली आणि पट्टे कायमचे निघाले. सोमवारी कारखान्यात पट्ट्यांशिवाय काम सुरू झालं. पंधरा मिनिटांतच कोणीतरी म्हणालं, "गार लागतंय गं!" पाठोपाठ चाळीस जणींनी बर्फातून हात काढले, आणि सुपरवायझरला पहिल्यांदाच काम थांबवावं लागलं.