खुराकाचं शिबिर

आमच्या कोरियन बेटावर शेळीपालनाचं शिबिर मीच घेतो. यंदाही ठणकावून सांगितलं, "संकरित शेळीला वेळेवर सोयाबीन, कोंडा, मीठ लागतं, नाहीतर ती खंगते. आपली देशी काळी शेळी मात्र डोंगरात मिळेल ते खाते आणि कुरकुरत नाही." पहिल्या रांगेत बायको मान डोलावत होती. मला कोण अभिमान वाटला!

रविवारी सोलहून जावई आला, आमच्या बोरामचा नवरा. जावई आला की कोंबडी, या रिवाजाप्रमाणे बायकोने घरची अंडी देणारी कोंबडी कापली आणि अख्खी त्याच्यापुढे ठेवली. "घ्या हो, किती खंगलात!" माझ्यापुढे कालचा भात आणि कोबीची आंबट किमची. मी दोनदा खाकरलो.



ती मान वर न करता म्हणाली, "बोरामचे बाबा, देशी कुरकुरत नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना?"