सात आठे

तो कवी आणि बायको गणिताची मास्तरीण. उभा जन्म दोघांचं वाजत आलं ते यावरूनच. "चांदणं दमून अंगणात बसलंय," असं त्यानं कौतुकानं वाचून दाखवलं, की वह्या तपासता तपासता ती म्हणायची, "बसायला ढुंगण लागतं. आहे का चांदण्याला?" तो चिडायचा. चारचौघांत सांगायचा, "माझ्या घरात कॅल्क्युलेटर नांदतो. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून एक ओळ म्हणून निघाली नाही." म्हणे कॅल्क्युलेटर! त्याच कॅल्क्युलेटरच्या पगारावर चूल पेटत होती, म्हणून याला चांदणं सुचत होतं.

मग तिला विसरण्याचा आजार जडला. आधी किल्ल्या गेल्या, मग मुलीचं नाव, मग नवरा. त्यानं कविता ऐकवून पाहिल्या, ती भिंतीकडे बघत बसली. शेवटी हरून त्यानं विचारलं, "सात आठे?" ताडकन उत्तर आलं, "छप्पन्न! एवढंही येत नाही? मठ्ठ कुठला!" त्या दिवसापासून तो रोज तिला पाढे विचारू लागला. बायकोशी बोलायची तेवढी एकच वाट उरली होती.

आज सकाळीही त्यानं विचारलं, "सात आठे?" ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, ते ऊन केव्हाचं दारात उभं आहे. दमलं असेल. त्याला बसायला सांगा ना."



जिच्यासाठी जन्मभर टोमणे मारले ती ओळ अखेर तिच्या तोंडून आली, आणि तो तिचे दोन्ही हात धरून हमसून हमसून रडू लागला, "छप्पन्न गं... छप्पन्न म्हण!"