मल्लिनाथची जागा

दारातल्या बाईने आपलं नाव महानंदा बिराजदार असं सांगितलं. शैलजाताईंना ते आठवलं नाही, आठवणारही नव्हतं. गुप्तचर खात्यातून निवृत्त होताना सगळ्यांच्या पुसतात, तशा त्यांच्याही नोकरीतल्या आठवणी इस्पितळात नेऊन पुसल्या होत्या.

“माझा भाऊ मल्लिनाथ तुम्हाला खबरा आणून द्यायचा,” महानंदा म्हणाली. “तो गेला तेव्हा तुम्हीच होता म्हणं त्याच्यापाशी. दुसरं काही नको, मॅडम. त्याला कुठं पुरलं तेवढं सांगा. आई अंथरुणाला खिळलीय. रोज विचारती.”

शैलजाताईंनी मनात शोधून पाहिलं. तिथे मल्लिनाथचा चेहरा नव्हता, जागा नव्हती, दुःखसुद्धा नव्हतं. मला काहीच आठवत नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

“नदीकाठी, मोठ्या चिंचेखाली,” त्या म्हणाल्या. महानंदाच्या गळ्यातलं लिंगायतांचं इष्टलिंग त्यांनी दार उघडतानाच पाहिलं होतं. “त्याच्या डाव्या हातात इष्टलिंग ठेवलं होतं. सगळं रीतीनं झालं.”

“कुठल्या गावाला?”

“ते सांगायची परवानगी नाही.”

महानंदा उंबऱ्यातच बसून रडू लागली. मग तिने शैलजाताईंचे पाय धरले. “आता आई सुखानं जाईल,” ती म्हणाली.

शैलजाताईंनी तिला पाणी आणून दिलं. खात्याने आठवणी तेवढ्या नेल्या होत्या, खोटं बोलण्याचं कसब अंगातच राहिलं होतं. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.