उतरवलेलं भाडं

सिंकमध्ये दोन ताटं होती. दोन वाट्या, दोन पेले. बापानं दारातूनच ती मोजली आणि हातातली पिशवीही खाली न ठेवता लेकीला विचारलं, “दुसरं ताट कुणाचं?”

लेक गडबडली. बाबा असे न कळवता, भर दुपारी येऊन उभे राहतील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. “आधी बसा तरी,” ती म्हणाली.

तो बसला नाही. तीन महिने त्याला हीच शंका खात होती. कॉलेजचं हॉस्टेल पहिल्या वर्षापुरतंच होतं; दुसऱ्या वर्षाला पोरीला बाहेर खोली घेऊन द्यावी लागली. महिन्याच्या खर्चाचा तक्ता त्यानंच आखला होता. भाडं, वीज, गॅस सगळं बरोबर बसत होतं. किराणा तेवढा हाताबाहेर चाललेला. महिन्याचे तांदूळ पंधरा दिवसांत संपायचे. तेलाचंही तेच. एवढीशी पोर, इतकं खाते कुठं?

तो एका कारखान्यात खरेदी बघायचा. नटबोल्ट असोत की रंगाची पिंपं, कुठल्याही दरपत्रकातला चौथा हिस्सा उडवल्याशिवाय त्याची सही होत नसे. कारखान्यात त्याला ‘कात्री’ म्हणत, आणि त्याला त्यात मान वाटे. ही खोलीसुद्धा त्यानं तशीच मिळवली होती. घरमालकीण सत्तरीला आलेली, एकटी. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या राहत्या घरातली मागची खोली ती भाड्यानं देत होती; स्वयंपाकघर दोघींत एक, पण किराणा, भांडी आणि जेवणं जिची तिची. सहा हजार म्हणाली. त्यानं भिंतीची ओल दाखवली, खिडकीची तुटकी कडी दाखवली. बाई काही हलेना. लेक खाली टेंपोतून सामान काढून घेत होती. तेवढ्यात त्याच्या तोंडून निघून गेलं, “हिची आई अंथरुणाला खिळलीय हो. निम्मा पगार औषधपाण्यातच जातो.”

बाईचा चेहरा उतरला. चार हजारांवर सौदा ठरला. घरी गेल्यावर त्यानं बायकोला फक्त आकडा सांगितला. ती धडधाकट बाई शिवणयंत्रावरून उठून म्हणाली, “कमाल केलीत!”

आता त्यानं आवाज चढवला. “कोण येतं इथं जेवायला? खरं सांग.”

“हळू बोला ना, आजी आत पडल्यात.” लेकीनं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. “दुसरं ताट त्यांचंच आहे. त्यांना भाड्याशिवाय दुसरं काहीच येत नाही, बाबा. आधीची मुलगी सहा देत होती. आपले चार सुरू झाले, तसं त्यांनी दुपारचं जेवण बंद केलं. नुसता चहा प्यायच्या. मला महिनाभर पत्ताच नाही. मग मी म्हटलं, मला एकटीला जेवण जात नाही, सोबतीला बसा. तेवढ्यासाठी बसतात, नाहीतर बसल्या नसत्या.”

“मला सांगायचं नाहीस?”

“सांगणारच होते. बाबांना भाडं वाढवायला सांगते म्हटलं, तर त्यांनी मला शपथ घातली.” तिनं मान खाली घातली. “तुमचा तक्ता बिघडला, चुकलंच माझं. कँटीनमध्ये खाणं सोडलंय मी, तरी भागत नाही.”

दोन हजार उतरवले, त्या खुशीत त्यानं अख्ख्या खात्याला चहा पाजला होता. आणि इथं एक म्हातारी त्याच चहावर दुपार काढत होती. वर पोटची पोर त्याचीच माफी मागत होती.

त्यानं खिशातून नोटा काढल्या. “जा, दहा किलो तांदूळ आण. डाळ आण, तेल आण. भाव करत बसू नकोस.”

लेक त्याच्याकडे बघतच राहिली. मग चपला घालून गेली. जिन्यावरचा तिचा आवाज विरला, तसा तो आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

घरमालकीण जागीच होती. उठून बसत तिनं चष्मा चढवला. “या भाऊ.”

“मावशी, या महिन्यापासून भाडं सहा हजार.”

“ठरलं ते ठरलं. चारच.”

“साडेपाच तरी घ्या.”

“नको.”

“बरं, पाच. तुमचं नको, माझं नको.”

“नको म्हटलं ना!”

जन्मात पहिल्यांदा तो भाव वाढवून द्यायला झगडत होता, आणि समोरची बाई तसूभर सरकत नव्हती. शेवटी खाली बघत तो म्हणाला, “मी तुमच्याशी खोटं बोललो, मावशी. हिची आई ठणठणीत आहे.”

“माहीत आहे. गेल्या महिन्यात येऊन गेल्या की! गादीची वळकटी डोक्यावर घेऊन तीन जिने चढल्या. धापसुद्धा लागली नाही.”

“मग तेव्हाच का नाही मागितलेत तुमचे पैसे?”

बाईनं आधी बाहेरच्या दाराकडे नजर टाकली. पोरगी परतलेली नव्हती. तरीही ती आवाज खाली आणूनच बोलली.

“मागितले असते, तर आधी कमी का केले होते, हे पोरीनं विचारलं असतं. येताजाता सांगत असते, माझे बाबा चिकट आहेत, पण खोटं म्हणून बोलायचे नाहीत. भाडं उतरवलंत, ते सोसलं मी. पण तिच्या नजरेतून तिच्या बापाला उतरवायचं, ते मला कुठलं सोसायला!”