सगळं हाताशी

"कपाटांना दारं हवीत की नकोत, तेवढं एकदाचं सांगा," सुतार म्हणाला. "माझं काम अडलंय."

घरधनी नुकताच ऑफिसातून आला होता. पायांतले बूटही अजून निघाले नव्हते. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पातेली, खुर्च्यांवर डबे, टीव्हीपुढे तांदळाचं पिंप. स्वयंपाकघर नवं करायचं म्हणजे आधी सगळं घर स्वयंपाकघर होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो दाराजवळच्या स्टुलावर कसाबसा टेकला.

"विचारून सांगतो," तो म्हणाला.

विचारून सांगणं हे त्याचं लग्नापासूनचं काम. आतल्या खोलीत आई पडली होती. तिला तो म्हणाला, "ती म्हणतेय दारं नकोतच. मी स्पष्ट सांगितलं, आईला विचारल्याशिवाय काही होणार नाही." मग बाल्कनीत वाळलेले कपडे काढणाऱ्या बायकोजवळ जाऊन म्हणाला, "आईनं दारांचा हट्टच धरलाय. वय झालंय गं तिचं, घे थोडं समजून."

दारांबद्दल दोघींपैकी कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं. पण प्रत्येकीला आपण तिच्या बाजूचे वाटलो की घर चालतं, असा त्याचा अनुभव होता. दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या, ते एक बरंच होतं. आई घरात हवी, बायको घरात हवी आणि आपल्या डोक्याला ताप नको, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. त्यासाठी चाललेल्या या तारेवरच्या कसरतीनं तो दमून गेला होता. अगदी खरोखर दमला होता बिचारा.

सुताराला असले निरोप झेपेनात. दुसऱ्या दिवशी, हा ऑफिसात असताना, त्यानं दोघींना रिकाम्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि ती कुठे राहील ते दोघींनी मिळून बोलायचं. तसं ठरल्याशिवाय तो कुणाच्याच घरात करवतीला हात लावत नसे.

संध्याकाळी हा भांडण मिटवायच्या तयारीनंच घरी आला. भांडण नव्हतं. दोघी जमिनीवर भिंतीला टेकून चहा पीत बसल्या होत्या. दोघींचे डोळे लाल होते. धूळ फार झाली होती घरात.

"दारांचं काय ठरलं?"

"काचेची," बायको म्हणाली. "आत काय आहे ते बाहेरून दिसलं पाहिजे."

तो तिच्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "आईला चाललं?"

"विचारा की. समोरच तर बसल्यात."

त्यानं विचारलं नाही. मिटलेल्या गोष्टी उकरून काढणाऱ्यांतला तो नव्हता.

तेव्हापासून घरात आवाज फक्त रंध्याचा. आधी बाजारातही बरोबर न जाणाऱ्या दोघी आता दुपारी जड पिशव्या घेऊन बाहेर पडत आणि दिवेलागणीला थकून परत येत. बाहेरच्या खोलीतला पसारा रोज कमी होत होता. एक दिवस त्याला सोफ्याची मधली जागा बसायला मिळाली.

"मोठी पातेली दिसत नाहीत ती?"

"काढली इथून," आई म्हणाली. "एवढ्यांचं इथे काम काय आता?"

त्याला पटलं. जुनं सामान धरून बसायची आईची सवय अखेर सुटली म्हणायची. ऑफिसात त्यानं शेजारच्या टेबलावरच्याला सांगितलंही, "सबुरी लागते हो. मी कधी आवाज चढवला नाही, म्हणून आज दोघी बहिणींसारख्या राहतात."

आई मात्र थकलेली दिसत होती. तो तिच्या पायाशी बसला.

"दमलीस ना?"

"दमले रे. अगदी कंटाळा आला या सगळ्याचा."

"थोडेच दिवस राहिलेत आता."

"हो," आई म्हणाली. "त्याच्यावरच दिवस काढतेय."

सुट्टीच्या दिवशी सुतारानं त्याला आत बोलावलं. ओट्यापाशी उभं राहून कोपर दुमडायला सांगितलं आणि टेप लावला.

"माझं माप कशाला?" तो हसला. "मी ताडमाड. या दोघींना चढायला पाट लागेल!"

"तुम्हाला वाकायला लागू नये," बायको म्हणाली. "पाठ धरते तुमची."

मग तिनं त्याला डोळे मिटून साखर काढायला सांगितली. त्यानं हात घातला आणि मिठाचा डबा काढला. पुन्हा काढला, पुन्हा मीठच. त्याला हसू आवरेना. त्या दोघी हसल्या नाहीत. आईनं डब्यांची अदलाबदल केली आणि म्हणाली, "आता बघ." या वेळी साखर सापडली. चहाची पावडर लगतच होती, आणि खालच्या खणात एक ताट, एक वाटी, एक पेला.

इतकी वर्षं दोघींचं मन राखण्यात गेली, आपल्याला कुठे काय सोयीचं पडतं हे कुणी विचारलं नव्हतं. आज दोघी मिळून विचारत होत्या. सगळ्या शिणाचं चीज झालं, असं त्याला वाटलं.

"अहो, माझ्या सोयीचं काय घेऊन बसलात," तो सुताराला म्हणाला. "या दोघींना पटलं की मी भरून पावलो."

सुतार टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"ताई, साहेबांना अजून सांगितलं नाही?"

बायको खण पुसत राहिली. आईनंच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आधी तुझं स्वयंपाकघर लागू दे, मग सांगू म्हटलं," ती म्हणाली. "आमचं दोघींचं तर परवाच लावून झालं, तिकडच्या घरी."